सात किलोंतला दगड

भूगोलाच्या बाईंनी चौदा वर्षं फळ्यावर आशिया खंड काढला. शेवटी शेवटी तर वर्गाकडे तोंड करून, हात मागे नेऊन काढायच्या, आणि तरी आखातं जिथल्या तिथे यायची. पाचवीतल्या मुलींची समजूत अशी, की बाई दर सुट्टीत तिकडेच मुक्कामाला असतात. खरं सांगायचं तर बाईंनी जन्मात ओलांडलेली सगळ्यांत मोठी सीमा शेजारच्या जिल्ह्याची होती, आणि तीही निवडणुकीच्या कामावर, सरकारी जीपमध्ये मागच्या बाकावर बसून.

म्हणून लंबीचा फोन आला तेव्हा बाईंच्या मनाने आधी उडी मारली आणि मग विचार केला.

लंबी म्हणजे वसतिगृहातली मैत्रीण. सहा वर्षं दोघी एका खोलीत. ती ताडमाड म्हणून लंबी, बाई तिच्या खांद्यालाही पुरत नसत म्हणून बुटकी. नऊ वर्षांपूर्वी लंबी परदेशी गेली आणि तिथे कवळ्या करायला लागली. दंतवैद्य माप पाठवतात, ही मेणात दात बसवून देते. फोनवर म्हणाली, "बुटके, आता तरी ये. दात पडल्यावर येशील, तर तेव्हा ते मलाच बसवावे लागतील."

जायचं ठरलं. आता जायचं तर विमानात बसावं, उतरावं, मैत्रिणीच्या गळ्यात पडावं. पण बाईंचे यजमान वजनमाप खात्यात निरीक्षक. सरळ गोष्ट सरळ करायची त्यांना सवय नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की विमानाने जाणं म्हणजे पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणं. जायचं तर पाठीवर सॅक टाकून, बसने, बोटीने, रेल्वेने, पाच देश बघत बघत. भूगोलाच्या बाईंनी खंड वरून उडत बघावं हे त्यांच्या नवऱ्याला शोभत नाही, असंही ते म्हणाले. हा युक्तिवाद बाईंना पटला, याचा बाईंना पुढे फार पश्चात्ताप झाला.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. सासूबाईंनी एवढंच विचारलं, की पाच देश ओलांडून मैत्रिणीला भेटायला निघालात ते ठीक, पण तीन स्टॉपवर राहणाऱ्या आत्यांना भेटून किती महिने झाले. खालच्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर रोज संध्याकाळी येऊन परदेशातल्या गाड्या कशा चुकतात ते सांगत. ते स्वतः परदेशी कधी गेले नव्हते, पण चुकलेल्या गाड्यांचा त्यांचा अनुभव दांडगा होता. समोरच्या विमा एजंटबाई मात्र प्रेमळ. त्यांनी चार वर्षांच्या छकुलीला मांडीवर घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तिच्यादेखत बाईंना परदेशातल्या दवाखान्यांच्या सात गोष्टी सांगितल्या. त्यातल्या एकाही गोष्टीतला माणूस शेवटी जिवंत नव्हता.

निरीक्षकांनी नियम काढला: मोठ्यांच्या सॅकमध्ये सात किलो, छकुलीच्या पिशवीत अडीच. दाराच्या चौकटीला त्यांनी स्प्रिंगचा काटा टांगला आणि पंधरा दिवस घरात जे हलेल ते तोलून पाहिलं. बाईंची दुसरी साडी उतरली. तिसरा टॉवेल उतरला. दाते काढून कंगवा हलका होतो का, हेही एकदा बघून झालं. माणसाने नोकरी घरी आणू नये म्हणतात ते उगाच नाही.

आता या सात किलोंत बाईंना एक दगड न्यायचा होता.

हसू नका. दगडच. काळा, एका बाजूने चपटा, नदीकाठी कॉलेजच्या सहलीत सापडलेला. वसतिगृहातल्या त्यांच्या खोलीचं दार वाऱ्याने धाडकन आपटायचं, म्हणून लंबी संध्याकाळी तो पायाने सरकवून दाराला लावायची. दगड लागला की समजायचं, आता बसायचं. मग अभ्यास, परीक्षा, घरून आलेली रागाची पत्रं, सगळं बाजूला. लंबी परदेशी निघाली तेव्हा बाई सासऱ्यांच्या आजारपणात अडकल्या होत्या. निरोपालाही जाता आलं नाही. पंधरा दिवसांनी वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी लंबीने त्यांच्याकडे ठेवलेलं एक पुडकं दिलं. आत हा दगड, आणि चिठ्ठीत दोन शब्द: आणून दे.

नऊ वर्षं ते दोन शब्द बाईंच्या छातीवर दगडासारखेच होते. निरोपाला आली नाहीस, असं लंबीने कधी म्हटलं नाही. म्हणाली असती तर भांडून मोकळं होता आलं असतं.

हे नवऱ्याला सांगणं शक्य नव्हतं. तोलाई झाल्यावर बाईंनी दगड छकुलीच्या लोकरी टोपीत गुंडाळला आणि तिच्या पिशवीच्या तळाशी सरकवला. वजनमाप निरीक्षकाच्या घरात झालेली ही पहिली लबाडी.

पहिल्याच सीमेवर ती उघडी पडली. तिथल्या अधिकाऱ्याने टोपी उलगडली, दगड उन्हात धरला, हलवून कानाशी नेला, आणि हे काय म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, दगड. कशासाठी? दार अडवायला. अधिकाऱ्याने तिघांच्या मागे पाहिलं. दार कुठे दिसेना. त्याने वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठाने तो फोडून बघायची गोष्ट काढली, तेव्हा छकुलीने असा सूर लावला की अख्खी रांग वरिष्ठावर उखडली. दगड परत मिळाला. निरीक्षकांनी तो तळहातावर घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "सातशे चाळीस ग्रॅम." पुढे दोन देश ते बाईंशी फक्त कामापुरतं बोलले.

हे असं उरलेल्या प्रत्येक सीमेवर झालं. एका ठिकाणी दगडाचा फोटो काढला, एका ठिकाणी त्याचा फॉर्म भरून घेतला. बाईंच्या पासपोर्टकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. चौदा वर्षं ज्या सीमा त्यांनी लाल खडूने काढल्या, त्यांवर विचारपूस झाली ती दगडाची.

एकविसाव्या दिवशी, बोट लागलेली, टाचा फुटलेल्या, अशा अवस्थेत तिघं लंबीच्या इमारतीपाशी पोचली. बावीस मजले, तळमजल्यावर गुळगुळीत फरशी, आणि त्या फरशीवर एका टेबलामागे चष्मा लावलेले एक गृहस्थ. हे नोंदणीसाहेब. त्यांनी तिघांना शेजारच्या काचेच्या खोलीत बसवलं. हा भेटीचा कक्ष. दार आपोआप बंद झालं, खट्ट करून लागलं, आणि वरच्या पट्टीवर लाल आकडे धावू लागले: एक मिनिट, दोन मिनिटं. निरीक्षकांनी ताबडतोब मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. परदेशातली ही पहिली गोष्ट त्यांना मनापासून आवडली.

लंबी धावत आली. केस थोडे पांढरे, बोटांना गुलाबी मेण. दोघी काचेच्या दारातच एकमेकींना भिडल्या आणि बाईंचं डोकं पूर्वीसारखंच तिच्या खांद्याखाली गेलं. पण बाईंच्या तोंडून शब्द फुटायच्या आत लंबी कानात पुटपुटली, की आता काही बोलू नकोस, फक्त मान हलव.

झालं होतं असं. या इमारतीत मित्रमैत्रिणींना फक्त दोन तास, तेही खाली या काचेच्या खोलीत, दार लागल्यापासून मोजून. वर राहायचं तर नातेवाईक असावं लागतं. त्यांना चार दिवस. लंबीची सख्खी बहीण गेल्या वर्षी फोटोसकट नोंदवलेली, म्हणून बाईंना बहीण करता येईना. मग लंबीने सरळ निरीक्षकांना आपला भाऊ करून टाकलं. आणि बाई? बाई भावाची बायको.

"म्हणजे मी तुझी वहिनी?" बाई लिफ्टमध्ये म्हणाल्या.

"कागदावर गं," लंबी म्हणाली.

कागदावर. सहा वर्षं एका ताटात जेवलेली, एका पांघरुणात हुडहुडी भरलेली मैत्रीण. आणि हे गृहस्थ लंबीला जन्मात एकदा भेटलेले, तेही स्वतःच्या लग्नात, मुंडावळ्यांच्या आडून. त्यांच्या नावावर खोलीचं कार्ड, त्यांच्या नावावर लिफ्ट, आणि बाईंच्या नावापुढे रकान्यात: 'अवलंबून'. त्यांच्याशिवाय बाईंना खाली उतरून कोपऱ्यावरचं दूधसुद्धा आणता येईना. पाच देश ओलांडून आलेली बाई, बाविसाव्या मजल्यावर नवऱ्याच्या कार्डाची वाट बघत बसली.

घर लहान, पण नीटनेटकं. लंबीचा नवरा कामाच्या ठिकाणी, दुसऱ्या गावी; आठवड्याने येणार होता. जेवायच्या टेबलावर एका बाजूला बशा आणि दुसऱ्या बाजूला दात. जबड्यांचे प्लास्टरचे साचे, मेणाच्या कांड्या, छोटा दिवा, आणि पांढऱ्या रंगाच्या सोळा छटांची पट्टी. नेमकी याच आठवड्यात मोठी मागणी आलेली. लंबी बोलायची, पण डोळे दातांवर.

नोंदणीसाहेब कधीही वर येऊन चौकशी करतात, म्हणून लंबीने ठरवलं की दाराबाहेर कागदाप्रमाणेच वागायचं. वहिनी म्हणायचं, दादा म्हणायचं. दाराबाहेरचं दाराच्या आत कधी आलं, ते कोणालाच कळलं नाही.

पहिला बिघडला तो नवरा. निरीक्षक पाच भावंडांत शेंडेफळ. त्यांना आजवर 'ए धाकट्या' सोडून कोणी काही म्हटलं नव्हतं. चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा त्यांना कोणी दादा म्हणालं आणि त्यांची छाती दोन इंच पुढे आली. खोट्या नोंदीबद्दल त्यांचा जीव पहिल्या दिवशी खालीवर होत होता. दुसऱ्या दिवशी ते लंबीच्या स्वयंपाकघरातला काटा तपासत होते. तो पंधरा ग्रॅम मारत होता. त्यांनी तो दुरुस्त केला. मग खाली जाऊन नोंदणीसाहेबांचा पार्सलचा काटा दुरुस्त केला. साहेबांनी उठून हात मिळवला. भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण शून्य दोघांचं एकच.

मग बिघडली लंबी. तिला भाऊ नव्हता. "दादाला चहा गार चालत नाही, वहिनी," ती म्हणाली. कोणाला सांगतेय? ज्या बाईने बारा वर्षं तो चहा केला तिला. संध्याकाळी म्हणाली, दादा वाळलाय. बाई म्हणाल्या, पाच देश चालून आलाय तुमचा दादा. तेव्हा बाईंच्या स्वतःच्याच लक्षात आलं, की आपण लंबीला अहोजाहो केलं. आणि एकदा ती गाडी उताराला लागल्यावर थांबते कुठली? तिसऱ्या दिवशी बाई तिला वन्सं म्हणू लागल्या, तेही असं, की त्या एका शब्दात दोन भांडी आपटल्याचा आवाज यावा.

आणि दगड? तो टोपीतच. बाई रोज सकाळी ठरवत, आज द्यायचा. पण तो बुटकीने लंबीला द्यायचा होता. वहिनीने नणंदेला देण्यासारखी ती वस्तू नव्हती.

तिसऱ्या संध्याकाळी भडका उडाला. छकुलीला दातांचा फार लळा लागला होता. ती ते रांगेत बसवून आईसारखी शाळा घ्यायची, हजेरीसुद्धा. त्या दिवशी लंबीने मोजले तर अठ्ठावीसपैकी सत्तावीस. सकाळी कवळी द्यायची आणि वरचा सुळा गायब. तिघांनी गालिचा झटकला, सोफा ओढला, निरीक्षकांनी केराची पिशवी तोलून पाहिली. सुळा नाही. छकुलीला विचारलं तर ती म्हणाली, तो आज गैरहजर आहे.

लंबी थकली होती, हे खरं. पण ती जे म्हणाली ते म्हणाली. "वहिनी, पोरीला जरा वळण लावा. आमच्या दादाचा स्वभाव गरीब, म्हणून सगळं चालतंय."

बाई छकुलीला उचलून आत गेल्या आणि दोन सॅक, एक पिशवी भरून टाकली. न तोलता.

परतीची बस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाची. सकाळी नऊला घंटी वाजली. दारात नोंदणीसाहेब, हातात कागद. लंबीने हातातलं काम न सोडता तो वाचून दाखवला: पाहुणे भाऊ यांनी सही करून द्यावी, की सोबतची अवलंबून स्त्री आणि अपत्य चार दिवस त्यांच्या जबाबदारीवर होती आणि त्यांची वर्तणूक ठीक होती.

निरीक्षकांनी खिशातून पेन काढलं. टोपणही उघडलं.

"थांबा," बाई म्हणाल्या.

त्या इतक्या हळू म्हणाल्या की निरीक्षकांनी पेन लगेच बंद केलं. लग्नाला बारा वर्षं झालेल्या माणसाला आवाजाचं माप कळतं. बाई लंबीकडे वळल्या. "साहेबांना सांग, ही सही यांनी करायची नाही. मी यांच्यामुळे इथे आलेली नाही. हे माझ्यामुळे आलेत. मी तुझ्या भावाची कोणी नाही, तुला भाऊच नाही. मी तुझी मैत्रीण आहे. खाली दोन तास मिळत असतील तर दोन तास. पण मला माझ्या नात्याने बसायचंय. सांग त्यांना, लंबे."

साहेबांना बाईंची भाषा येत नव्हती. लंबीने काहीही सांगितलं असतं, वहिनीला बरं नाही म्हणाली असती, तरी चाललं असतं. खोटी नोंद कबूल करणं म्हणजे तिच्या नावावर लाल शेरा, आणि वर्षभर घरी पाहुणा आणायची बंदी. ती पाहुण्यासाठी किती आसुसलेली होती, ते बाईंनी चार दिवस पाहिलं होतं.

लंबीने चिमटा खाली ठेवला. दिवा विझवला. मग ती साहेबांशी बराच वेळ बोलली. बाईंना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. फक्त मध्येच तिने एक हात आपल्या डोक्याच्या उंचीवर धरला आणि दुसरा खांद्याच्या खाली, तेवढं कळलं.

साहेबांनी चष्मा पुसला. कागदावर रेघ मारली. लाल शेरा मारला. त्यात त्यांनी काही दयामाया दाखवली नाही. मग घड्याळाकडे बोट करून म्हणाले, पाहुण्यांनी सामानासकट खाली यावं. मैत्रीण असेल तर दोन तास.

लंबीने गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं, की दात उद्या. एक दिवस माणूस पातळ खाऊन राहू शकतो.

चौघं खाली काचेच्या खोलीत आली. आत बसावं की बाहेर थांबावं ते न कळून निरीक्षक काच ढकलून धरून दारातच उभे राहिले. पहिली पाच मिनिटं दोघी बाकाच्या दोन टोकांना. मग छकुली म्हणाली, सुळ्याला भूक लागली असेल.

सगळ्यांच्या माना वळल्या. छकुलीने आपल्या पिशवीकडे बोट केलं. तो एकटा घाबरत होता, म्हणून तिने त्याला टोपीत, दगडाच्या शेजारी झोपवलं होतं. लंबीने पिशवी ओढली, लोकरी टोपी काढली, उलटी केली. सुळा टुणकन फरशीवर पडला. आणि मागोमाग तिच्या हातात दगड आला.

लंबीने सुळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाच देश," निरीक्षक दारातून म्हणाले. "सातशे चाळीस ग्रॅम. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं."

लंबी उठली. दगड खाली ठेवला, आणि पावलाच्या बाहेरच्या कडेने, अगदी पूर्वी सरकवायची तसा, दाराच्या फटीत सरकवला. निरीक्षकांनी हात काढला. दार दगडावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

"बस गं, बुटके," ती म्हणाली.

मग काय काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. नऊ वर्षं होती. निरोपाचं आधी निघालं, त्यावर दोघी कडाडून भांडल्या, दोघीही रडल्या, आणि मग रेक्टरबाईंच्या चालीची नक्कल करताना लंबी बाकावरून पडली. छकुलीने दुपारी तिथेच झोप काढली, तोंडाशी सुळा धरून.

साडेअकराला साहेब आले. त्यांनी दाराकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, वरच्या पट्टीकडे पाहिलं. तिथे लाल आकड्यांत शून्य शून्य. दार लागलंच नव्हतं. दोन तास सुरूच झाले नव्हते. साहेबांनी भिंतीवरची नियमावली बोट ठेवून वाचली. दार लागल्यापासून, असंच होतं. तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी निरीक्षकांना खूण केली.

निरीक्षक पुढे झाले. आयुष्यात त्यांनी एक मारलेला काटा पास केला नव्हता; भर बाजारात सख्ख्या मामाचा तराजू जप्त केलेला माणूस. निरीक्षकांनी पट्टीवर टिचकी मारली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, वाकून दगड पाहिला. मग ताठ उभे राहून तर्जनी आणि अंगठा जुळवून वाटोळं शून्य केलं, आणि मान हलवली. माप बरोबर आहे.

साहेबांनीही तसंच शून्य केलं आणि टेबलामागे जाऊन बसले. तिसऱ्या प्रहरी त्यांनी चौघांसाठी चहा पाठवला. निरीक्षकांचा गार झाला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

सहा वाजता साहेबांनी जायची नोंदवही पुढे केली. बाईंच्या नावापुढे, नात्याच्या रकान्यात, नव्याने लिहिलं होतं: मैत्रीण. निरीक्षकांनी आपली ओळ लंबीकडून वाचून घेतली. 'मैत्रिणीचा नवरा. अवलंबून.'

बसमध्ये ते धुमसत होते. शेरा मान्य, नियम मान्य. पण चार दिवस जो माणूस दादा होता, त्याला एका रेघेसरशी कोणाच्या तरी मागे लावून देणं, ही काय माणुसकी झाली? माणसाला काही मान आहे की नाही? बाई खिडकीला डोकं टेकून ऐकत होत्या. त्यांना ते सगळं शब्दन् शब्द पटत होतं.

पहिल्या सीमेवर अधिकाऱ्याने छकुलीची पिशवी उघडली, तळापर्यंत हात घातला आणि काही न विचारता बंद केली. निरीक्षकांनी ती उचलून तळहातावर क्षणभर तोलली.

"सातशे चाळीस कमी," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, "बरोबर आहे."